पाण्यानं पाहिलेलं

अर्जात सतरा प्रश्न होते आणि धाकटी सून अकराव्यावर आली होती.

चर्चमधली रविवारची उपासना आटोपून सगळे परस्पर इथंच आले होते, म्हणून अंगावर अजून ठेवणीतले कपडे होते. मास्तरांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला होता. घरात आणखी एक माणूस पाठमोरा बसल्यासारखा तो दिसत होता. पाळकभाऊजी, त्या चर्चचे धर्मगुरू, खिडकीशी होते. खाली रस्त्यावर टायरवाला रविवारीही दुकान उघडून बसलेला. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायचा. माई पलंगाच्या कडेला, नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नात तीन महिन्यांची. तिचा बाप जाऊन चार महिने झाले होते. ही वजाबाकी घरात प्रत्येकाला तोंडपाठ होती, आणि कुणी ती मोठ्यानं करत नव्हतं.

"अकरा," धाकटीनं वाचलं. "मयताला ताब्यात घेतल्याचं कुटुंबाला कधी व कोणी कळवलं." वर न बघता तिनं लिहिलं, कोणी नाही.

"कोणीही कळवलं नाही, असं लिही," मास्तर म्हणाले. "पूर्ण वाक्य बरं दिसतं."

"दादा, माणूसच अर्ध्यात गेला. वाक्य पुरं करून काय करू?"

मास्तरांनी चहाचा कप उचलला. थोरला मुलगा, शाळेत पंधरा वर्षं खडू झिजवलेला. चुकीचं वाक्य दिसलं की त्यांच्या बोटांना खाज सुटायची. त्याला ते तरी काय करणार. माईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि नातीच्या अंगावरचं पांघरूण उगीचच सारखं केलं.

माईंचा धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, शीतगृहात ओझी वाहायचा. बर्फाच्या खोलीत माणसानं तासाच्या वर राहू नये आणि हातमोजे द्यावेत, एवढं मागायला सात जण फाटकावर उभे राहिले. सातांतला एक तो. संध्याकाळी पोलिसांनी उचलून नेलं, चौथ्या दिवशी सकाळी गाडीतून आणून दिलं. हृदय बंद पडलं म्हणाले. धाकटीला तेव्हा आठवा लागलेला. अशा अवस्थेत बघू नये म्हणून तिला नुसतं तोंड दाखवलं, तेही दारातून. बाळंतपणातून उठली आणि तिनं मानवी हक्क आयोगाला पत्र धाडलं. आयोगाचं उत्तर आलं, सोबत हा अर्ज आला. उद्या अकराला सुनावणी. तिथल्या कारकुनानं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, बाई, पोलिसांच्या कागदात अंगावर खुणा नाहीत असं लिहिलंय आणि खाली एका प्रतिष्ठित माणसाची सही आहे. अंग बघितलेलं कोणी असेल तर त्याचा जबाब आणा. नसेल तर उद्याच फाइल बंद होईल.

तो प्रतिष्ठित माणूस खिडकीशी बसून चहात बिस्किट बुडवत होता.

"मुली, एक विचारू?" पाळकभाऊजी म्हणाले. आवाज मऊ होता. माईंच्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. आवाज त्याला आईकडून आला होता, पोथीही रडावी असा. "हा हक्क शब्द तू कुठून आणलास? चाळीस वर्षं मी शास्त्र वाचतोय. तिथं कृपा आहे, प्रीती आहे, क्षमा आहे. देवापुढं माणसाचा हक्क म्हणून काही नसतो. जे पदरात पडतं ते त्याचं देणं."

"देवापुढं नसेल, काका. फौजदारापुढं आहे."

"फौजदारही देवानंच नेमलेला असतो."

"मग देवाला सांगा, तुम्ही नेमलेला माणूस असा वागला. तुमचं रोजचं बोलणं असतं त्याच्याशी. मी नवी आहे."

मास्तरांच्या मिशीत हसू फुटलं आणि तिथंच विरलं. "काका, ती अगदीच चुकीचं बोलत नाही," ते घसा साफ करत म्हणाले. "माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मी चौथीला तेच शिकवतो. आता प्रतिरूप म्हटलं की ते हमालाचंही आलं. त्याच्यावर हात टाकला तर तो कुणावर पडला, असा प्रश्न..."

"बोल की. थांबलास का?"

मास्तर थांबले ते थांबलेच. शाळा चर्चच्या मंडळीची होती आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष काका होते. साखर केव्हाच विरघळलेला चहा ते ढवळत राहिले.

"तुम्हाला वाटतं मी भितो," पाळकभाऊजी म्हणाले. "भितोच. पुढच्या रविवारी फाटकावर पोलिसांची गाडी उभी राहिली, तर आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्या देवळात पाऊल ठेवतील का? माझ्यामागं तीनशे माणसं आहेत."

"माझ्यामागं कोणी नाही म्हणून मला बोलायला सोपं जातं, असंच ना?"

"असं मी म्हटलं नाही."

"म्हटलंत तरी खरंच आहे." धाकटीनं पेनाचं टोपण दातात धरलं, सोडलं. "तुम्ही दर रविवारी मला सांगता, माफ कर. करते. पण कुणाला, ते तरी सांगा. चौकीत चौदा माणसं आहेत. कोणी काय केलं हे कळल्याशिवाय माफी कुणाच्या हातात देऊ? पाकिटावर पत्ता तरी नको?"

खालून टायरवाल्याच्या पंपाची धाप ऐकू येत होती.

माई काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी बोलावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. चाळीस वर्षं त्या मंडळीतल्या मेलेल्यांना आंघोळ घालत आल्या होत्या, आणि असं काम करणाऱ्या बाईशी माणसं जपून वागतात. लग्नात तिला बोलावतात, पण ओटी भरल्यासारखं पटकन काहीतरी हातात देऊन मोकळी करतात. देवळात तिच्या बाकावर दोन माणसांची जागा आपोआप रिकामी राहते. कुणी वाईट नव्हतं. पण तिचे हात दिसले की ज्याला त्याला आपला दिवस आठवायचा. माईंना माणसांत जायची वाट एकच, कुणीतरी गेल्याचं बोलावणं आलं की. तेव्हा मात्र दार सताड उघडं असायचं. थोरामोठ्यांच्या घरातली बाईसुद्धा त्यांचा हात धरून आत न्यायची, खोलीत एकटं सोडायची आणि बाहेरून कडी लावायची.

हे काम सासूनं दिलं होतं. जसं कुणी दागिना देतं, तसं. पहिल्या दिवशी सासूनं कानाशी येऊन दोन ओळी सांगितल्या होत्या आणि त्या पाठ झाल्याशिवाय तांब्याला हात लावू दिला नव्हता:

पाण्या रे पाण्या, तुझी धार खाली वाहो,
अंगानं सांगितलं ते तुझ्या पोटी राहो.

सासू म्हणायची, मेलेला माणूस उघडा असतो, पोरी. त्याला झाकायचं ते आपल्या जिभेनं. कुणाच्या पाठीवर काय होतं, कुणाच्या पोटावर काय होतं, ते त्या खोलीतलं. चाळीस वर्षांत माईंच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. म्हणून तर लोक विश्वासानं कडी लावायचे.

"बारा, कुटुंबातील व्यक्ती. हे लिहिलं," धाकटी म्हणाली. "तेरा, दफन किती वाजता. बाराला. चौदा." ती वाचता वाचता हळू झाली. "मयताला शेवटची आंघोळ कोणी घातली. त्या व्यक्तीच्या दृष्टीस काय पडलं."

पंपाची धाप थांबली होती. किंवा माईंनाच ऐकू येईनासं झालं होतं.

तिघांनीही माईंकडे पाहिलं. प्रश्न साधा होता, उत्तर घरात बसलेलं होतं, आणि चार महिन्यांत ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माई घरच्याच. माईंनी आंघोळ घातली, यात विचारण्यासारखं काय. नळाला कुणी विचारतं का, पाणी कुठून आलं.

"माई?" धाकटी म्हणाली. "काही होतं?"

"वहिनी," पाळकभाऊजी घाईनं म्हणाले, "तुला बोललंच पाहिजे असं नाही. आईनं काय शिकवलं तुला? पाण्या रे पाण्या, तुझी धार..." त्यांनी ओळ अर्धी सोडली. पुढची माई पुरी करतील म्हणून ते थांबले.

माईंनी ती पुरी केली नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा शिकायला बाहेर होतात. मुकादमाची पहिली बायको जिन्यावरून पडून गेली. आईंनी आंघोळ घातली, मी तांब्या धरला होता. नवी नवरी होते मी. गळ्याभोवती बोटं उठली होती. जिन्याला बोटं नसतात, एवढं मलाही कळलं. आईंनी ही ओवी म्हटली आणि गळ्याला रुमाल बांधला. सगळे म्हणाले, किती सुरेख झोपवलीय."

"ते जुनं झालं, वहिनी."

"तीन वर्षांनी दुसरी बायको आली त्याच पाटावर. तोच गळा, तीच बोटं. आईंच्या हातून तांब्या सुटला. त्या दिवसापासून मरेपर्यंत आईंनी ती ओवी पुन्हा म्हटली नाही. कामाला जायच्या, घालून यायच्या, पण मुक्यानं. मला वाटायचं, म्हातारपणी विसरल्या." माईंनी मांडीवरच्या नातीची मूठ आपल्या बोटावरून सोडवली. "मी ती विसरले नाही, हीच माझी चूक."

"माई," धाकटी म्हणाली. "त्याच्या अंगावर काय होतं?"

"तळपायावर."

एवढंच बोलून त्या थांबल्या. मग धाकटीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. उपासनेनंतर पायरीवर बायका जमायच्या, तेव्हा हीच पोर डोळे पुसत सांगायची, बर्फात राबून त्याचे पाय सदा गार असायचे, म्हणून आमच्या माईंनी शेवटी त्याला लोकरीचे मोजे घातले. आईच ती. बायका हळहळायच्या. स्मरणाच्या उपासनेत पाळकभाऊजींनी त्यावर प्रवचन केलं होतं, आईच्या मायेला मरणानंतरही थंडी कळते म्हणून. निम्मी मंडळी रडली होती. माई त्या दिवशी आपल्या रिकाम्या बाकावर ताठ बसून होत्या.

"मोजे," धाकटी म्हणाली. "म्हणून मोजे घातलेत."

"हो."

"मी चार महिने गावभर सांगत फिरले. तुम्ही शेजारी उभ्या असायच्यात."

"हो."

"एकाच खोलीत झोपतो आपण, माई. ही रडली की एकमेकींना उठवतो. एकदासुद्धा तुमच्या तोंडून..." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "मला वाटायचं, निदान तुम्ही माझ्याकडच्या आहात."

माईंना सांगता आलं असतं. तू अवघडलेली होतीस, दूध आटलं असतं, घर बसलं असतं. ही सगळी कारणं त्यांनी रोज एकेक करून उगाळली होती, आणि रोज ती थोडी पातळ होत गेली होती. त्या म्हणाल्या, "फसवलं मी तुला. त्याला झाकते आहे असं मला वाटलं. झाकलं मी त्यांना."

मास्तर उठून उभे राहिले होते. कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. "माई, पण मग काकांची सही," ते म्हणाले. "खुणा नाहीत म्हणून काकांनी सही केलीय."

"मला तोंडच दाखवलं होतं," पाळकभाऊजी म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला मऊपणा निघून गेला होता आणि खाली नुसता म्हातारा माणूस उरला होता. "फौजदार म्हणाला, तुम्ही सही करा, म्हणजे बारापर्यंत मातीची परवानगी देतो. नाही तर ठेवून घेतो म्हणाला. मी म्हटलं, पोराला आधी जमीन तर मिळू दे. वहिनी, मी तुला विचारलं नाही."

"नाही विचारलंत."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

माईंनी विचार केला. "नसतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा नसतं."

"मग आता का? त्यानं तो परत येणार आहे? आपल्या श्रद्धेप्रमाणे तो झोपलाय. उठवायचा तो देव उठवील."

"उठवील ना. त्यावर तर मी जगते, भाऊजी." माईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "पण तुम्हीच वाचून दाखवता. प्रभू उठला तेव्हा जखमा पुसून नाही उठला. तो एक शिष्य अडून बसला, बघितल्याबिगर मानणार नाही म्हणाला, तर त्याला रागे नाही भरला. हात पुढं केला, म्हणाला, बघ. बोट घाल. देवानं आपले हात झाकले नाहीत. मी कोण मोजे घालणारी?"

पाळकभाऊजींनी रिकामा कप खिडकीत ठेवला. त्या उताऱ्यावर त्यांनी किती प्रवचनं केली असतील, गणती नाही. संशयी माणसाला त्यांनी दर वेळी दोन शब्द सुनावले होते. हातांबद्दल त्यांनी कधी फारसं सांगितलं नव्हतं.

ते उठले. "जबाब दिलास तर एक होईल," ते म्हणाले, आणि त्यात धमकी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "उद्यापासून तुला कुणी बोलावणार नाही, वहिनी. आंघोळ घालणारी बोलते, हे एकदा कळलं की कुठलं घर तुझ्या हाती माणूस देईल? प्रत्येक घरात काहीतरी असतंच."

"माहीत आहे."

"एकटी पडशील."

माईंना हसू आलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही. भाऊजी बिचारे भलेच होते. पडायला माणूस आधी कुठंतरी उभा असावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. पण ते दार, हात धरून आत नेणाऱ्या बायका, ती उघडी, शांत, कुणाशी न भांडणारी माणसं, ती तेवढी जाणार. तेवढीच होती.

"माझ्या सहीचं काय सांगशील?" त्यांनी दारात विचारलं.

"तुम्ही तोंडच पाहिलं होतं, हे सांगेन. तुम्हीही तेच सांगा. खरं आहे तेवढं."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. जिना उतरताना ते कठडा धरून चालले. मास्तरांनी कोट उचलला. "काकांना घरापर्यंत सोडतो," ते म्हणाले. "त्यांना चक्करबिक्कर आली तर... येतोच मी." येतो म्हणाले, केव्हा ते म्हणाले नाहीत. खुर्चीच्या पाठीवरचा तो दुसरा माणूसही त्यांच्याबरोबर निघून गेला.

दोघी उरल्या. धाकटी उठली, माईंच्या मांडीवरून तिनं मुलीला उचललं. उचलताना तिचा हात माईंच्या हाताला लागणार नाही अशी काळजी तिनं घेतली, आणि ती काळजी माईंना ओळखीची होती. उभा जन्म लोकांनी ती घेतली होती. या एका हातानं मात्र कधी घेतली नव्हती. आत मुलीला निजवून ती परत आली, टेबलाशी बसली, अर्जाचं मागचं पान उलटं केलं.

"सांगा," ती म्हणाली. "डोक्यापासून."

माईंनी सांगितलं. जशी आंघोळ घालायची असते त्याच क्रमानं त्या सांगत गेल्या, कारण दुसरा क्रम त्यांना ठाऊक नव्हता. उजव्या कानामागं वाळलेलं रक्त. खांद्यावर काही नाही. मनगटाला दोन्हीकडं दोरीचे वळ. पाठ. पाठीपाशी त्या क्षणभर थांबल्या, धाकटी म्हणाली, पुढं, आणि त्या पुढं गेल्या. गुडघे सुजलेले. तळपाय काळेनिळे, आडव्या पट्ट्या, उजव्यावर सात, डाव्यावर मोजता आल्या नाहीत. पेन चालत होतं. कुठं शाई फुटली, कुठं अक्षर वाकडं गेलं, पण धाकटीनं एक शब्द गाळला नाही. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं मान वर केली, छताकडं पाहिलं, ते आत गेल्यावर पुन्हा खाली वाकली. माईंना उठून तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्या जागच्या हलल्या नाहीत. हात ठेवायचा हक्क कुणी काढून घेतला तर त्याचा अर्ज कुठं करतात, त्यांना माहीत नव्हतं.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं. खाली टायरवाला दुकान आवरत होता.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"झालं."

तिनं पेनाचं टोपण हातात घेतलं, पण लावलं नाही. "एक विचारायचंय. अर्जात नाही ते."

"विचार."

"पाणी कोमट होतं?"

माईंनी आपल्या कोपराकडं पाहिलं. सगळ्यांना त्या कोमट पाण्यानंच घालायच्या. आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायच्या, तान्ह्या बाळाचं बघतात तसं. अख्ख्या मंडळीला हे ठाऊक होतं, धाकटीलाही होतं. हो म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. आज रात्री तेवढ्या एका शब्दावर तिला झोप लागली असती, आणि सकाळी कदाचित तिनं मुलीला पुन्हा या मांडीवर दिलं असतं. पण गाडीतल्या माणसांनी तासाभराचीच मुदत दिली होती. शिपाई दारात घड्याळ बघत उभा होता. पाणी तापवायला वेळच नव्हता.

"नाही," माई म्हणाल्या. "गार होतं. नळाचं."

धाकटीनं मान हलवली, कळल्यासारखी. पानावर तळाशी एक ओळ रिकामी राहिली होती. तिनं त्या ओळीवर लिहिलं, पाणी गार होतं. मग कागद फिरवून टेबलाच्या या बाजूला सरकवला.

"इथं सही करा," ती म्हणाली. एरवी तिच्या प्रत्येक वाक्याला 'माई' लागायचं. या वाक्याला लागलं नाही.

माईंनी सही केली.